सही आधी, साखर नंतर

किर्यात गात
रविवार, १७ फेब्रुवारी १९६३

लाडकी रूबी,

तुला, भाऊजींना आणि अलिबागेतल्या सगळ्या आपल्या माणसांना शालोम. इकडे सगळी बरी आहोत, माझा डावा गुडघा सोडून. तू पाठवलेलं पोह्यांचं पार्सल पोचलं. पिशवीची शिवण मात्र दुसऱ्याच दोऱ्याने घातलेली दिसली आणि पोहे मला कमी वाटले. पोस्टातल्या माणसाला विचारलं तर त्याने खांदे उडवले. या इस्राएलात काही विचारलं की खांदेच उडवतात. तू किती भरले होतेस ते लिही, म्हणजे मला कळेल.

कोंबड्या अंडी द्यायला लागल्या. खालच्या मजल्यावरची रुमानियाची बाई रोज माझ्या खुराड्याकडे बघत उभी राहते. नुसती बघते, म्हणते. असो.

येहुदितबद्दल लिहायला बसले आणि कोंबड्यांवर गेले बघ. रूबी, माझी नात अशी काही दिसायला लागली आहे ना! जुडाची मुलगी म्हणून म्हणत नाही. सूतगिरणीत दिवसभर उभी राहून येते, तरी सकाळची वेणी संध्याकाळी तशीच. हिब्रू बोलते तर रेडिओवरची बाई बोलतेय असं वाटतं. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, मला अर्धं कळतं, आणि त्या अर्ध्यावरच मी खूश.

तिच्या साखरपुड्याचं मागे तुला लिहिलं होतं. मुलगा हाइम, तिच्याच गिरणीत यंत्रं दुरुस्त करतो. मोरोक्कोची माणसं. बाप नाही, आई मझल, आणि कारभार सगळा मामाच्या हातात. मामाचं नाव यित्झहाक. कातडी बॅग काखेत धरून फिरतो, झोपताना काढतो की नाही देव जाणे.

तर ते मोडलं.

म्हणजे असं झालं, की दोघं लग्न नोंदवायला गेली. तिथला रब्बी म्हणाला, मुलगी हिंदुस्थानची, बेने इस्राएल. हिच्या आईकडची आणि बापाकडची, दोन्हीकडची आई, आईची आई, तिची आई कोण होत्या याची चौकशी होईल, मग बघू. गो रूबी, आपल्या माणसांनी किती पिढ्या शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला! गावची माणसं आपल्याला शनवार तेली म्हणून ओळखत. आणि इथे, आपल्याच माणसांत येऊन, विचारतात तुम्ही कोण. हाइमची पणजी कोण ते कुणी विचारलं नाही. तो मोरोक्कोचा, तो पास.

मझल घाबरली. पुढे कुणी म्हणालं ही मुलं खरी यहुदी नव्हेत, तर नातवंडांची लग्नं कोण लावील, असं म्हणून रडली म्हणे. हाइम आईपुढे गप्प. मग मामा बॅग उघडून पुढे.

त्याने कुठेतरी ऐकलं होतं की लग्नाचं वचन देऊन मोडलं तर मुलीचा बाप कोर्टात जातो, आणि कोर्ट मुलीच्या बाजूने बोलतं. म्हणून तो कागद घेऊन आला. आपल्याकडे फारखत लिहून देतात ना, तसला. आम्ही त्यांची अंगठी आणि साडी परत करायची, त्यांनी आमचं घड्याळ. शिवाय येहुदितच्या मनस्तापाबद्दल ते एक शिवणयंत्र देणार, पायाचं, नवीन. आणि यापुढे ह्याचं त्याच्यावर, त्याचं ह्याच्यावर काही मागणं उरलं नाही. सोफीला तू ओळखतेस. माझी सून यंत्राचं नाव निघाल्यापासून डोळे पुसायची विसरली.

मंगळवारी दुपारी सगळे आमच्याकडे जमले. मामाने कागद वाचला, इतक्या भरभर की जुडाला सुद्धा मधलं मधलं कळलं, आणि तो पाच वर्षं हिब्रूत काम करतो. आणि एक सांगू? वाचताना मामाचा अंगठा कागदाच्या खालच्या बाजूला एकाच जागी. हलेचना. मी जुडाला खुणावलं. तो म्हणाला, “आई, गप्प बस, माणसं ऐकतायत.” ऐकतायत तर ऐकतायत, त्यांना मराठी कुठे येतं! पण जुडाने सही केली. हाइमने केली. येहुदितनेही केली. साक्षीला आमचे हासाजीकाका, तेच आमच्या प्रार्थनाघरातले गाणारे. त्यांना हल्ली ऐकू येत नाही.

मग मी सगळ्यांचं तोंड गोड केलं आणि माणसं गेली. हासाजीकाका जरा जास्तच गायले. म्हातारे आहेत.

एलियाहू हनाबीला, आपल्या संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोलले आहे. कशासाठी ते नंतर लिहीन.

तुझी बाय,
मिल्का

*

किर्यात गात
बुधवार, २० मार्च १९६३

लाडकी रूबी,

तुझं पत्र आलं. तू लिहितेस पोहे दोन पायल्या भरले होते. बघ, मी म्हणत होते.

होळीचा सण झाला. इकडे त्याला पुरीम म्हणतात आणि मुलं राजा-राणी होऊन रस्त्यावर नाचतात. मला फार आवडलं, मी दारात खुर्ची टाकून बसले. पण बसले तर काय, येणारी-जाणारी आपली माणसं थांबतात आणि म्हणतात, “मिल्काबाय, मुबारक! तारीख कधीची?”

“कसली तारीख?”

“अहो, येहुदितच्या लग्नाची.”

मी म्हटलं, ते तर मोडलं. तर शोशी, आमच्या वरच्या मजल्यावरची, कमरेवर हात ठेवून म्हणते, “मोडलं कसं? मी स्वतः होते. मी स्वतः मझलबाईच्या डोक्यात फूल खोवलं.”

आता तुला त्या दिवसाचं नीट सांगायला पाहिजे, मागे घाईत लिहिलं. सह्या झाल्या. मामाने कागद बॅगेत घातला. माणसं उठायला लागली. तशी कोरड्या तोंडाने घरातून कुणाला पाठवायचं? आपली आई असती तर तिने पाठवलं असतं? मी ताटात साखर घेतली, वर दोन फुलं ठेवली, आणि येहुदितच्या हातात दिलं. म्हटलं, “दे गो हाइमला, तोंड गोड करून जाऊ दे.” तिने त्याच्या तोंडात घातली. त्याने, बिचाऱ्याने, तिच्या तोंडात घातली. मी मझलला खुणावलं, तिनेही येहुदितला भरवली. मामाला वाटलं असेल, हिंदुस्थानी लोकांत निरोप असाच देतात. तो हसून आमेन म्हणाला.

आणि हासाजीकाका! त्यांना कशाला बोलावलं होतं ते कुणी धड सांगितलंच नव्हतं. त्यांना दिसलं काय? मुलगा, मुलगी, दोन आया, ताटात साखर, फुलं. ते उभे राहिले, डोळे मिटले, आणि साखरपुड्याचा आशीर्वाद खड्या आवाजात सुरू केला. आमच्या बायकांनीही मग साथ दिली. आता हासाजीकाका गायला लागल्यावर कोण गप्प बसेल?

हे मामाच्या कानावर गेलं. कुणी घातलं ते मला ठाऊक नाही, पण रुमानियाच्या बाईवर माझा संशय आहे. परवा संध्याकाळी तो आला, या वेळी बॅग पण लालबुंद दिसत होती. मोठमोठ्याने बोलला. जुडाने मला सांगितलं, “आई, तो म्हणतोय तुम्ही आम्हाला फसवलंत. कागद करून घेतलात, यंत्र घेतलंत आणि पुन्हा साखरपुडा केलात.”

मी म्हटलं, “मी? मी चहा करत होते.”

“आई, तू साखर का वाटलीस?”

“मग काय मिरच्या वाटू?”

सोफी पदर तोंडाला लावून आत पळाली. जुडाला हसू आलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, लहानपणी मी त्याच्याकडे बघायची तसा. मी म्हातारी आहे, रूबी, दुसरीपर्यंत शाळा शिकलेली. माझ्यावर कसला संशय घेतात?

मग जुडा मला घेऊन बसने बेर्शेबाला गेला. तिथे नॅथन आहे, पनवेलचा, मुंबईत वकिली शिकलेला. इथे एका वकिलाच्या ऑफिसात आहे. चष्मा जाड, बोलणं गोड. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, “जुडाभाऊ, ही शेवटची ओळ तुम्हाला वाचून दाखवली होती?”

अंगठ्याखालची ओळ ती! तिथे लिहिलंय, दोन्ही घरं ही सोयरीक पुन्हा करणार नाहीत. मी जुडाकडे बघितलं. तो जमिनीकडे.

नॅथन म्हणाला, “घाबरू नका. या ओळीत काही जोर नाही. दोन सज्ञान माणसांनी लग्न करू नये असं मामा-काका सही करून ठरवू शकत नाहीत. कुठलंही कोर्ट ऐकायचं नाही. पण बाकीचा कागद समजून-उमजून, राजीखुशीने केला असेल तर पक्का आहे. मागचं सगळं मिटलं.”

“आणि समजून केला नसेल तर?” जुडाने विचारलं.

“तर मोडता येईल. पण मग जे घेतलं ते परत द्यावं लागेल. यंत्र ठेवून कागद खोटा म्हणता येणार नाही.”

मग तो माझ्याकडे वळला. “मावशी, मला एक सांगा. सही आधी झाली की साखर?”

“सही आधी.”

“नक्की?”

“अरे, शाई वाळली होती.”

त्याने कागद पुन्हा वर धरला. मग म्हणाला, “असं असेल तर मजा आहे. हा कागद मागचं पुसतो, पुढचं नाही. साखर कागदानंतरची. कुणी म्हणालं की नवं वचन झालं, तर हा कागद त्याच्या आड येत नाही. आता मामा म्हणणार त्याला कळलंच नाही काय चाललंय, आणि त्यातही तथ्य आहे. पण भांडता येईल.” आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत, “मावशी, शाई वाळली होती हे तुम्हाला कसं आठवतं?”

“डोळे चांगले आहेत माझे,” मी म्हटलं. “गुडघा खराब आहे.”

 घरी सोफीला कळलं तशी ती म्हणाली, “म्हणजे यंत्रही आपलं आणि जावईही आपला?” तिने पडदे शिवायला घेतलेत.

बाकी बरं. येहुदित कामाला जाते.

तुझी बाय,
मिल्का

*

किर्यात गात
मंगळवार, १४ मे १९६३

लाडकी रूबी,

तू विचारतेस येहुदितबद्दल मी एकच ओळ का लिहिली. तुझ्यापासून काही लपत नाही, लहानपणी पण तू अशीच होतीस.

ती माझ्याशी बोलत नव्हती. मुळीच नाही. मराठीत नाही, हिब्रूत नाही. जेवायला बसली की माझ्या हातची भाकरी तशीच ठेवायची, तिच्या आईने वाढली तर खायची. पहिल्यांदा वाटलं कामाचा थकवा. मग वाटलं सोफीने कान भरले. मग हाइमवर संशय घेतला, मग मामावर, मग रुमानियाच्या बाईवर. माझ्या ओळखीची सगळी माणसं संपली तेव्हा माझीच पाळी आली.

वल्हांडणाच्या सणाच्या आधी, घरातली भांडी काढत होतो तेव्हा ती एकदम म्हणाली, मराठीत म्हणाली, मला पुरतं कळावं म्हणून: “तू मुद्दाम केलंस.”

मी म्हटलं, “अगो, सवयीने झालं. कोरड्या तोंडाने माणसं...”

“दाय, सावता!” पुरे, आजी, असं म्हणाली. “तू दारापाशी ताट घेऊन उभी होतीस. मी बघत होते. त्याने कागद बॅगेत घातल्यावर तू पुढे आलीस.”

होते मी उभी, रूबी. शाई वाळेपर्यंत उभी होते. मला वाटलं, साखर आधी दिली तर कागदाखाली जाईल, नंतर दिली तर वर राहील. आणि हासाजीकाकांना बोलावलं मीच, कशाला ते न सांगता. मलिदाही त्यासाठीच बोलले होते, आता तुला लिहिलं. जुडाला सांगितलेलं नाही.

मी येहुदितला म्हटलं, “तुझ्यासाठीच केलं ना. नॅथन म्हणतो आपलं वचन उभं राहतं. मामाला कोर्टात खेचता येईल.”

ती म्हणाली, “आणि कोर्ट मला काय देईल? हाइम? मला तुझ्या साखरेने बांधलेला नवरा नको. आणि मामाच्या सहीने सोडलेलाही नको. त्याला कुणी विचारलंच नाही. मलाही नाही विचारलं. तूही नाही.”

मी पातेलं खाली ठेवलं.  

सण झाल्यावर तिने बर्फवाल्याची गाडी ठरवली. शिवणयंत्र वर चढवलं. सोफी अर्धा शिवलेला पडदा हातात घेऊन रडली. मी गाडीबरोबर चालत गेले, गुडघा असून, कारण ती एकटी काय बोलून येईल याची मला भीती होती. मझलच्या दारात मामाही होता. येहुदितने यंत्र उतरवलं आणि जे बोलली ते मला जुडाने, तिला विचारून, नंतर सांगितलं, पण तिचं तोंड बघून मला तिथेच कळलं होतं. “हे तुमचं यंत्र. कागद मिटला. माझ्या आजीने जी साखर दिली तिच्यावरूनही मी काही मागणार नाही. आता कुणाचं कुणावर काही नाही. हाइम, चौकशीला किती महिने लागतील मला माहीत नाही. मी उद्या सकाळी रब्बीकडे जाऊन नाव देणार आहे. तुझं नाव शेजारी लिहायचं असेल तर ये. नसेल तर येऊ नकोस, मी तुझ्या आईवर रागावणार नाही.”

मामा काहीतरी ओरडला. हाइम खाली बघत उभा. मी मनात म्हटलं, झालं, गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येहुदित निघाली आणि मी खिडकीत. रस्ता रिकामा. ती वळणापाशी पोचली तेव्हा तो तिथे भिंतीला टेकून उभा होता. गिरणीतलेच कपडे, पण केस ओले करून विंचरलेले. ती थांबली नाही, तो बरोबर चालायला लागला. मी खिडकीतून एवढी ओरडले की कोंबड्या घाबरल्या. रुमानियाची बाई बाहेर आली, आणि काय झालं ते न कळताच माझ्याबरोबर हसायला लागली. वाईट नाही ती बाई.

पण नाव दिलं म्हणजे मझल वळली असं नव्हे. तीन आठवडे ती मला टाळत होती, बाजारात दिसले तर वाट बदलायची. काल ती आमच्या दारात. एकटी. मामा नाही. घरात कुणी नव्हतं, तिला मराठी नाही, मला हिब्रू थोडकं. मला संशय आला की ही काहीतरी कागद घेऊन आली. हात रिकामे होते.

बसली. चहा प्यायली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, “ईमा?” म्हणजे आई. मला कळलं हे काय चाललंय. ही स्वतःच चौकशी करायला आली. माझं डोकं फिरलं होतं, पण येहुदित आठवली. मी म्हटलं, “एलिशेबा.” तिने एक बोट मिटलं. “तिची ईमा?” “मिरियम.” दुसरं बोट. “तिची?” “सिपोरा.” तिसरं. “तिची?”

रूबी, मला येईना. आईने सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.  वाटलं, ही आता उठणार.

मग मला राग आला आणि मी तिच्याकडे बोट केलं. “आणि तुझी ईमा?” तिने सांगितलं. तिची? सांगितलं. तिची? जरा आठवून सांगितलं. “तिची?”

मझल थांबली. छताकडे बघितलं. बोटं पुन्हा मोजली. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं की रडू, मला नाही सांगता येणार. तिलाही येत नव्हतं. दोघी म्हाताऱ्या बसलो, तीन-तीन बोटं मिटून.

जाताना तिने माझा हात हातात घेतला, शालोम करताना आपण घेतो तसा, आणि आपली बोटं ओठांना लावली. येहुदितकडून शिकली असेल. दारातून म्हणाली, जे होईल ते होवो, चौकशी होऊ दे, मी थांबते. एवढं हिब्रू मला येतं.

आता तुझं काम. रब्बीच्या कार्यालयातून अलिबागेला पत्र जाणार आहे, तुमच्या प्रार्थनाघराच्या पंचांना. ते तुझ्याकडे येतील. त्यांना बसव, जेवायला घाल, आणि जे ठाऊक आहे तेवढंच सांग. शहाणपणा करू नकोस, गोष्ट रंगवू नकोस, माझ्यासारखं मागून काही सरकवू नकोस. पोरीला सरळ रस्त्याने जायचं आहे आणि मला ते बघायचं आहे. चौथं नाव तुला येत असेल तर लिही. येत नसेल तर येत नाही म्हणून सांग.

कधी लग्न होईल ठाऊक नाही. मी मात्र रोज सकाळी उठून आनंदात आहे, लोक विचारतात कशाने, मी सांगत नाही.

तुझी बाय,
मिल्का,
एलिशेबाची लेक, मिरियमची नात, सिपोराची पणती,
आणि तिच्या आधीच्या एका बाईची, जिचं नाव मला ठाऊक नाही, पण शनिवारी तिच्या घरात चूल पेटत नसे